संत्र्याची साल आणि चिकटपट्टी

(काटोल येथे संत्रा बागायतदार, लघुउद्योजक आणि विज्ञान शाखेचे विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



काटोलला यायचे आणि संत्र्याऐवजी चिकटपट्टीवर बोलायचे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. संत्रा हा या तालुक्याचा प्राण आहे. काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी या पट्ट्याने नागपूरचे नाव देशभर गोड केले. काटोलचे प्रादेशिक फळ संशोधन केंद्र आणि १९८५ साली नागपुरात स्थापन झालेले लिंबूवर्गीय फळांचे राष्ट्रीय संशोधन केंद्र यांनी या फळाच्या लागवडीचा शास्त्रीय अभ्यास केला. २०१४ साली नागपुरी संत्र्याला भौगोलिक निर्देशांकही मिळाला. या सर्वांपुढे चिकटपट्टी ही अगदी क्षुल्लक वस्तू वाटते. तरीही संत्र्याचा आणि तिचा संबंध दुहेरी आहे. बागेतून निघालेले फळ ज्या खोक्यातून दूरच्या बाजारात जाते, ते खोके बहुधा चिकटपट्टीनेच बंद होते. आणि ज्या द्रव्यामुळे चिकटपट्टी चिकटते, त्यातील एक महत्त्वाचा घटक संत्र्याच्या सालीतून मिळू शकतो. पहिला संबंध आपल्या आजच्या नुकसानीशी निगडित आहे, तर दुसरा उद्याच्या उत्पन्नाशी. म्हणून हा विषय मी आपल्यापुढे मांडत आहे.

चिकटवण्याची जुनी साधने

चिकटवण्याची कला आपल्याकडे नवी नाही. पुस्तकबांधणीसाठी खळ, सुतारकामासाठी सरस, कागदासाठी बाभळीचा किंवा धावड्याचा डिंक आणि मोहोर उठवण्यासाठी पळसावर पोसलेली लाख, ही साधने विदर्भात पिढ्यानपिढ्या वापरात आहेत. या सर्वांत एक समान गुण दिसतो. ती लावताना ओली किंवा पातळ असतात आणि नंतर सुकून किंवा थंड होऊन घट्ट होतात. १९५९ साली बाजारात आलेले आणि आज घरोघरी पोहोचलेले फेविकॉलदेखील याच जातीचे आहे. त्यातील पाणी उडून गेल्यावरच जोड पक्का होतो.

चिकटपट्टीचे तसे नाही. तिच्यावरील द्रव्य कधीच सुकत नाही. ते लावण्यापूर्वी जसे असते, तसेच लावल्यानंतरही राहते. पाणी नको, उष्णता नको, वाट पाहणे नको; बोटाने दाबले की काम झाले. अशा द्रव्यास 'दाबसंवेदी आसंजक' म्हणतात. आसंजक म्हणजे दोन पृष्ठभाग जोडून ठेवणारा पदार्थ.

येथे एक फरक लक्षात ठेवावा. रोपवाटिकेत जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरल्यानंतर आपण प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळतो. ती चिकटत नाही; ती केवळ ताणामुळे आणि गाठीमुळे बसून राहते. चिकटपट्टी मात्र आपल्या अंगच्या द्रव्याने धरून ठेवते. म्हणूनच तिचे यशापयश त्या द्रव्याच्या घडणीवर अवलंबून असते.

दवाखान्यातून कारखान्यात

या वस्तूचा इतिहास दवाखान्यात सुरू होतो. १८४५ साली होरेस डे या अमेरिकन डॉक्टराने कापडाच्या पट्टीवर रबराचे चिकट द्रव्य लावून जखमेवर लावण्याची पट्टी तयार केली. १८८२ साली जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे पॉल बायर्सडॉर्फ या औषध विक्रेत्याने वैद्यकीय पट्टीचे एकस्व मिळवले. १९०१ साली बाजारात आलेल्या 'ल्युकोप्लास्ट'चे नाव आपल्याकडील दवाखान्यांतही परिचित आहे.

उद्योगात ती आली ती मोटारींच्या रंगकामामुळे. दोन रंगांच्या मोटारी रंगवताना एक भाग झाकून ठेवावा लागे आणि झाकण काढताना ताजा रंग निघून येई. ही अडचण पाहून अमेरिकेतील ३एम कंपनीच्या रिचर्ड ड्रू या तरुण तंत्रज्ञाने १९२५ साली सुरकुत्यांच्या कागदाची पट्टी तयार केली. १९३० साली त्यानेच सेलोफेन या पारदर्शक पापुद्र्यावर चिकट द्रव्य चढवले. त्या वेळी जगभर मंदी होती. फाटलेले, तुटलेले जपून वापरण्याच्या त्या काळात ही पट्टी घरोघरी गेली. आपण आजही तिला 'सेलोटेप' म्हणतो. नाव तेच राहिले, पण लाकडाच्या लगद्यापासून बनणाऱ्या सेलोफेनची जागा आता बहुतांशी पॉलिप्रोपिलीनच्या पापुद्र्याने घेतली आहे. हा पापुद्रा लांबीकडून आणि रुंदीकडून असा दोन्ही दिशांनी ताणलेला असल्यामुळे पातळ असूनही बळकट असतो. भारतात या पापुद्र्याच्या उत्पादनात अग्रेसर ठरलेली कॉस्मो फिल्म्स ही कंपनी १९८१ साली स्थापन झाली, आणि तिचे कारखाने आपल्याच राज्यात, आजच्या छत्रपती संभाजीनगरात उभे राहिले.

पट्टीचे थर

एका साध्या पट्टीत तीन-चार थर असतात. पहिला पाठीचा थर: कागद, कापड, पॉलिप्रोपिलीन, पीव्हीसी किंवा पॉलिएस्टर. त्याच्या एका बाजूस चिकट द्रव्य असते. ते पाठीला नीट धरून राहावे म्हणून गरजेप्रमाणे मध्ये एक पातळ अस्तर देतात किंवा पापुद्र्यावर विजेची प्रक्रिया करतात. पाठीच्या दुसऱ्या बाजूस काही पट्ट्यांवर न चिकटणारा सूक्ष्म लेप असतो. तो असल्यामुळे गुंडाळी सहज उलगडते आणि एका वेढ्यावरील द्रव्य दुसऱ्याच्या पाठीवर निघून जात नाही. खोक्याच्या सर्वसाधारण पट्टीची सगळी जाडी ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकी किंवा त्याहून कमी असते. त्यात चिकट द्रव्याचा वाटा निम्म्याहूनही कमी. एवढ्या पातळ थरावर दहा-वीस किलो फळांचे खोके बंद राहते.

ती का चिकटते?

कोणतेही दोन पृष्ठभाग अगदी जवळ आले, तर त्यांच्या रेणूंमध्ये आकर्षण निर्माण होते. अडचण जवळ येण्याची असते. खोक्याचा कागद डोळ्यांना सपाट दिसला, तरी सूक्ष्मदर्शकाखाली तो नांगरलेल्या शेतासारखा उंचसखल असतो. त्या खाचाखोचांत शिरण्यासाठी चिकट द्रव्य द्रवासारखे वाहिले पाहिजे, आणि एकदा शिरल्यानंतर ओढले असता घन पदार्थासारखे तटून राहिले पाहिजे. द्रव आणि घन या दोन्हींचे गुण एकाच पदार्थात आणणे ही या शास्त्राची कसोटी आहे. ३एम कंपनीतील शास्त्रज्ञ कार्ल डालक्विस्ट यांनी यासाठी एक मर्यादा घालून दिली. द्रव्याचा ताठपणा ठराविक आकड्याहून अधिक असेल, तर ते बोटाच्या दाबाने पृष्ठभागास भिडत नाही आणि चिकटतही नाही. 'डालक्विस्टचा निकष' या नावाने हा नियम आजही वापरला जातो.

नुसते रबर घेतले तर ते लवचिक असते, पण पुरेसे चिकट नसते. त्यात राळेसारखा पदार्थ मिसळला की मिश्रण हळू दाबले असता मऊ वागते आणि झटक्याने ओढले असता ताठ होते. रबर बळ देते, राळ चिकटपणा देते. ही राळ परंपरेने चीड वृक्षाच्या चिकापासून मिळते. आपल्या देशात हिमाचल प्रदेश आणि उत्तराखंड येथील जंगलांत हा चीक गोळा करतात. त्यातील टर्पेंटाइन ऊर्ध्वपातनाने काढून घेतल्यावर राळ मागे राहते.

संत्र्याचे नाते

आता आपल्या फळाकडे येऊ. संत्र्याची साल बोटांनी दाबली असता जे तुषार उडतात, ते सालीतील तेलाचे असतात. या तेलाचा बहुतांश भाग लिमोनीन या एकाच द्रव्याचा असतो. संत्र्याचा रस काही वेळाने कडवट होतो, त्यास कारण होणारे 'लिमोनिन' हे द्रव्य निराळे आहे. नावात साम्य असले, तरी या दोहोंत गल्लत करू नये.

लिमोनीनच्या रेणूत कार्बनचे १० आणि हायड्रोजनचे १६ अणू असतात. टर्पेंटाइनमधील पायनीनची घटनाही संख्येने हीच आहे. हे दोन्ही रेणू आयसोप्रीन या ५ कार्बनांच्या दोन तुकड्यांनी बनलेले आहेत. राळेतील आम्लांत असे चार तुकडे असतात. आणि केरळातील रबराच्या झाडाचा चीक म्हणजे हेच तुकडे हजारोंच्या संख्येने एकामागून एक गुंफलेली साखळी होय. म्हणजे केरळचे रबर, हिमाचलची राळ आणि काटोलच्या संत्र्याच्या सालीतील तेल ही एकाच रासायनिक कुळातील भावंडे आहेत. म्हणूनच ती एकमेकांत चांगली मिसळतात.

लिमोनीनवर ॲल्युमिनियम क्लोराइडसारख्या उत्प्रेरकाची क्रिया घडवली, तर त्याचे रेणू एकमेकांस जोडले जाऊन फिकट पिवळी, काचेसारखी राळ तयार होते. तिला पॉलिटर्पीन राळ म्हणतात. ती साधारणपणे १०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ होते. तिचा रंग फिकट असतो आणि रबराशी तिचे चांगले जमते. यामुळे चिकटपट्ट्या, लेबले आणि उष्णतेने वितळवून लावण्याची चिकटद्रव्ये यांत ती वापरतात. जगात यासाठी लागणारे लिमोनीन मुख्यतः संत्र्याच्या रसाच्या कारखान्यांतून उपउत्पादन म्हणून मिळते, आणि त्यात ब्राझीलचा वाटा मोठा आहे. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या बागा 'सिट्रस ग्रीनिंग' या रोगाने मोठ्या प्रमाणावर उद्ध्वस्त झाल्या, आणि त्याचा परिणाम तेलाच्या पुरवठ्यावरही झाला. आपल्याकडे जी साल उकिरड्यावर जाते, तिला तेथे मोल आहे.

चिकटद्रव्याचे प्रकार आणि विदर्भाचे ऊन

आजच्या पट्ट्यांवर मुख्यतः तीन प्रकारची द्रव्ये आढळतात. पहिला प्रकार नैसर्गिक रबर आणि राळ यांचा. ही दोन्ही विद्रावकात विरघळवून पापुद्र्यावर पसरवतात आणि विद्रावक उडवून लावतात. खडबडीत खोक्यावर ही पट्टी लगेच पकड घेते. परंतु रबराच्या साखळीतील दुहेरी बंध हवेतील ऑक्सिजनच्या आणि उन्हाच्या तडाख्यास बळी पडतात. म्हणून जुनी पट्टी पिवळी पडते, आधी चिघळते आणि मग वाळून गळून जाते.

दुसरा प्रकार उष्णतेने वितळवून लावायच्या द्रव्यांचा. यात स्टायरीन आणि आयसोप्रीन यांचे कृत्रिम रबर, राळ आणि थोडे तेल असते. विद्रावक नसल्याने आगीचा धोका कमी आणि उत्पादन वेगवान होते. परंतु वितळून बसलेले द्रव्य उष्णतेने पुन्हा मऊही होते. तिसरा प्रकार ॲक्रिलिकचा. हे द्रव्य बहुधा पाण्यातील पायस म्हणून पसरवतात. त्यात दुहेरी बंध नसल्यामुळे ऊन आणि काळ यांना ते चांगले तोंड देते, परंतु पहिली पकड काहीशी सौम्य असते. पूर्ण पकड येण्यास त्याला थोडा अवधी लागतो. अतिउष्ण कामांसाठी सिलिकोनची द्रव्येही आहेत, पण ती महाग असल्याने खोक्यांसाठी वापरत नाहीत.

ही माहिती आपल्या उपयोगाची का, ते पाहा. आंबिया बहराचे फळ मुख्यतः नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास निघते. तेव्हा पहाटे कडाक्याची थंडी असते. थंडीत चिकटद्रव्य ताठ होते, खोक्याच्या कागदास भिडत नाही, आणि पट्टी लावूनही कडा सुटतात. मृग बहराचे फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते. त्या मोसमाच्या अखेरीस ट्रकच्या ताडपत्रीखाली खोकी तापतात. मे महिन्यात तर नागपूर भागात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा वेळी मऊ झालेले द्रव्य खोक्याच्या झडपांच्या सततच्या ताणाखाली हळूहळू सरकते. कळमन्याहून निघालेले खोके दिल्लीस किंवा सीमेपलीकडे पोहोचेपर्यंत तळ उघडला, तर वरच्या थरांचा भार खालच्या फळांवर येतो आणि दाबलेल्या फळास बुरशी धरते. बांगलादेशाने आयात शुल्क वाढवल्यापासून तिकडील निर्यात आधीच अवघड झाली आहे. अशा काळात वाटेत होणारे नुकसान परवडणारे नाही.

खरेदी करताना आणि लावताना

चिकटपट्टीची परीक्षा तीन गुणांवर होते. दाबताक्षणी धरण्याची तत्परता हा पहिला. सोलताना होणारा विरोध हा दुसरा. भाराखाली न सरकण्याची चिकाटी हा तिसरा. खोक्यासाठी तिसरा गुण सर्वांत मोलाचा, आणि बोट लावून तो कळत नाही. बोटास फार चिकट लागणारी पट्टी भाराखाली लवकर सरकणारीही असू शकते. तपकिरी रंग हा तर निव्वळ रंग आहे. त्यावरून मजबुती ठरत नाही.

घरच्या घरी दोन परीक्षा करता येतात. एक, पट्टी प्रत्यक्ष वापरायच्या खोक्यावर दाबून लावावी आणि तासाभराने सोलावी. तिच्याबरोबर कागदाचे तंतू उपटून आले, तर पकड कागदाच्या बळापेक्षा अधिक आहे असे समजावे. दोन, लोखंडी कपाटाच्या स्वच्छ उभ्या पृष्ठभागावर पट्टीचा एक इंच लांब आणि एक इंच रुंद भाग चिकटवून खाली लोंबणाऱ्या टोकास एक किलोचे वजन बांधावे आणि ते किती वेळाने पडते ते मोजावे. हीच परीक्षा उन्हात तापलेल्या पत्र्यावर केली की उन्हाळ्यात कोणती पट्टी टिकेल, ते स्पष्ट होते. प्रयोगशाळेतील चाचणीचे तत्त्वही हेच आहे.

लावताना काही पथ्ये पाळावीत. खोक्यावरील धूळ आणि ओल पुसावी. पट्टी दोन्ही बाजूंस खोक्याच्या उभ्या भिंतीवर दोन-तीन इंच उतरवावी. ती फार ताणू नये, कारण ताणलेली पट्टी पुन्हा आखडू पाहते आणि कडा सोडते. लावल्यावर हाताने किंवा लहान रुळाने जोरात दाबावी, कारण दाब हीच तिची चावी आहे. थंडीत गुंडाळ्या उबदार जागी ठेवाव्यात आणि उन्हाळ्यात सावलीत. शक्य तेथे स्टार्चचा लेप असलेली, पाण्याने ओली करून लावायची कागदी पट्टी वापरावी. ती खोक्याच्या कागदात घट्ट रुतते आणि खोके पुन्हा लगद्यात जाताना अडथळा करत नाही.

आणखी दोन सावधगिरीच्या सूचना. विहिरीवरील मोटरच्या तारेचा जोड खोक्याच्या पट्टीने कधीही झाकू नये. त्यासाठी मानक चिन्ह असलेली पीव्हीसीची विद्युतरोधी पट्टीच वापरावी, आणि ती चिघळू लागली की वीज बंद करून बदलावी. दुसरी सूचना जुन्या सातबाऱ्याविषयी आणि खरेदीखतांविषयी. फाटलेला कागद सेलोटेपने जोडण्याची आपल्याकडे सवय आहे. काही वर्षांनी पट्टी गळून पडते, परंतु तिचे द्रव्य कागदात मुरून तपकिरी डाग पाडते आणि शाई पसरते. असा कागद पातळ, चिवट कागदाची पट्टी आणि गव्हाच्या स्टार्चची खळ यांनी जोडावा. येथे आजीची खळ कारखान्याच्या पट्टीपेक्षा सरस ठरते.

सालीचे मोल

शेवटी सालीकडे वळू. लिमोनीनची राळ बनवणे हा घरगुती उद्योग नाही, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. त्यातील उत्प्रेरक दाहक असतो, सांडपाण्यावर प्रक्रिया करावी लागते आणि वर्षभर कच्चा माल पुरवावा लागतो. एक टन फळांमागे तेल निघते ते काही किलोच. तेव्हा एकट्यादुकट्या बागायतदाराने या मोहात पडू नये.

परंतु पहिली पायरी आपल्या आवाक्यात आहे. बाजारात न खपणाऱ्या लहान फळांचा रस जेथे काढला जातो, तेथे साल एकाच ठिकाणी जमते. फळाच्या वजनाचा सुमारे पाव भाग सालीचा असतो. ती ताजी असतानाच दाबून किंवा पाण्याच्या वाफेने तिच्यातील तेल काढता येते. हे तेल सुगंधी द्रव्ये, स्वच्छतेची द्रावणे आणि चिकटद्रव्ये या तिन्ही उद्योगांना लागते. काचेवर किंवा बरणीवर राहिलेला लेबलाचा चिकट डाग संत्र्याच्या सालीने चोळला असता निघतो, हे पुष्कळांना ठाऊक असेल. एकाच कुळातील असल्यामुळे लिमोनीन त्या द्रव्यास विरघळवते. म्हणजे हे द्रव्य चिकटवण्यास साहाय्य करते आणि चिकटलेले सोडवण्यासही.

तेल काढण्याचा आणखी एक लाभ आहे. लिमोनीन सूक्ष्मजंतूंस मारक असल्यामुळे ताजी साल गोबरगॅसच्या टाकीत घातली, तर वायूची निर्मिती मंदावते. तेल काढून घेतलेली साल मात्र वायूसाठी किंवा खतासाठी अधिक चांगली ठरते. अर्थात तेल हाताळताना काळजी हवी. ते सहज पेट घेते आणि हवेत उघडे राहिल्यास त्यातून कातडीस त्रास देणारी द्रव्ये तयार होतात. म्हणून ते गडद रंगाच्या, घट्ट झाकणाच्या भांड्यात, थंड जागी ठेवावे.

हे काम एकट्याचे नाही, संघटनेचे आहे. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी सालीचा पुरवठा एकत्र करावा. जिल्हा उद्योग केंद्राचा सल्ला घ्यावा. तेलाची शुद्धता तपासण्यासाठी आणि राळेचे प्रयोग करण्यासाठी नागपुरातच संस्था आहे. १९४२ साली स्थापन झालेल्या आणि २०२३ पासून विद्यापीठ म्हणून कार्य करणाऱ्या लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेस तेले, रंग आणि रासायनिक तंत्रज्ञान यांची दीर्घ परंपरा आहे. आज येथे बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी एखाद्याने तेथे जाऊन आपल्याच बागेच्या सालीतील तेलाचा अभ्यास हाती घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

बागायतदार फळाचा भाव मागतो आणि तो त्याचा हक्क आहे. परंतु भाव फळाच्या गरातच असतो असे नाही. तो सुरक्षित पोहोचलेल्या खोक्यात असतो आणि फेकून दिलेल्या सालीतही असतो. येत्या हंगामात खोके बंद करताना आपण पट्टीची परीक्षा करून घेतली आणि सालीचा ढीग उकिरड्यावर टाकण्यापूर्वी क्षणभर विचार केला, तर आजचे हे बोलणे कारणी लागले असे मी समजेन.